एका जांभळ्या किरणासाठीं : मंठा ते लॅमिंग्टन रोड

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांस काशी-रामेश्वराची आठवण होते. आमचा परवांचा प्रवास मात्र वाटाण्याहून लहान अशा एका वस्तूसाठीं घडला. ती वस्तु म्हणजे लेझर डायोड. आणि तोहि वाटेल तो नव्हे, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, जांभळा.

निमित्त घरांतलेंच. आमच्या मंठ्याहून लोणारचें सरोवर फार दूर नाहीं. जून २०२० मध्यें तेथील पाणी गुलाबी झालें. खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तें झालें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत दिसून आलें. तेव्हांपासून आमच्या नातवास रंगांचें वेड लागलें. पानांचा अर्क स्पिरिटांत काढून त्यावर जांभळा किरण टाकला तर तो तांबडा चमकतो आणि हळदीचा अर्क हिरवट-पिवळा, असें त्याच्या वाचनांत आलें. तांबड्या किरणानें हळद चमकत नाहीं. त्याच्या अंगीं तेवढी ऊर्जा नसते.

या डायोडचे रंग बहुतांशीं बाजारानेंच ठरविले आहेत. सीडी वाचण्यास ७८०, डीव्हीडीस ६५० व ब्लू-रे तबकडीस ४०५ नॅनोमीटर, अशा तरंगलांबीचे डायोड अगणित निघाले, म्हणून ते स्वस्त. अधल्यामधल्या तरंगलांबीचा हवा असल्यास शोधाशोध आली.

प्रथम आम्हीं मोबाइलवरून एक मागविला. पुडक्यावर ४०५ हा आंकडा ठळक होता. परंतु प्रकाश जांभळा नव्हे, निळा दिसला. न्यायशास्त्रांत शब्द हें प्रमाण खरें, पण तो आप्ताचा असेल तर! म्हणून आम्हीं प्रत्यक्षाकडे वळलों. सीडीवरील रेषांत १.६ मायक्रोमीटर अंतर असतें. पुठ्ठ्याच्या छिद्रांतून किरण एक मीटरवरील सीडीवर सरळ सोडला, म्हणजे परतून पुठ्ठ्यावर बाजूस ठिपके पडतात. ४०५ चा पहिला ठिपका छिद्रापासून सुमारें २६ सेंटिमीटरवर पडावा. आमचा २९ च्या पुढें पडला. म्हणजे माल ४५० चा! सहा रुपयांच्या पट्टीनें लेबलाचें असत्य उघडें केलें.

तेव्हां परतूर गांठून रात्रीच्या आगगाडीनें मुंबईस निघालों. दादरला उतरून लोकलनें ग्रँट रोड. तेथून लॅमिंग्टन रोड पायीं. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव या रस्त्यास होतें. आज तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण लोकांच्या जिभेवर जुनेंच नांव. दुकानें अरुंद, माळ्यापर्यंत खोकीं रचलेलीं. आणि धान्याच्या दुकानांत डाळी असाव्या तसे खणाखणांत निरनिराळे इलेक्ट्रॉनिक भाग.

एका दुकानांतील वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस उलट विचारलें, “काका, मिलिवॅट किती?” आम्ही निरुत्तर. तरंगलांबीचा आम्हीं एवढा घोष केला, पण बळाचा विचारच केला नव्हता. ते म्हणाले, “हा जांभळा रंग डोळ्याला मंद दिसतो, म्हणून लोक अधिक जोराचा मागतात. मंद दिसतो तो आपला डोळा त्याला कमी ओळखतो म्हणून. आंतला पडदा मात्र तो जाळूं शकतो. घरांत पोर आहे ना? पांचाच्या आंतलाच न्या, आणि या तरंगलांबीचा चष्माहि घ्या. उन्हाचा काळा चष्मा चालायचा नाहीं.” सुटा डायोड हाताच्या स्थिर विजेनेंहि मरतो, म्हणून प्रवाह आवरणारें मंडल जोडलेला तयार संचच त्यांनीं दिला. आम्हीं पिशवींतून सीडी काढली. त्यांनीं हंसून मेजावर जागा करून दिली. ठिपका २६ वर पडला.

त्या रात्रीं मंठ्यास माजघरांतील दिवे मालविले. हळदीची वाटी हिरवट उजळली, पालकाच्या अर्कांत रक्तासारखी तांबडी रेघ उमटली. घरच्या वडील मंडळींनीं “देवाची लीला” म्हटलें. नातू पट्टी व वही घेऊन बसला. चष्मा मात्र त्यानें आधीं चढविला होता. प्रवासाचें सार्थक आम्हांस तेथें झालेलें दिसलें.