दौलताबादला उतरून मग वेरूळ

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एस.टी. मिळते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरचा हा प्रवास ठरलेला. महाबळेश्वर-माथेरान कारकुनाच्या पगारात बसत नाही, आणि बसले असते तरी मुलांना आधी वेरूळच दाखवले असते. यंदा माझी ठाण्याला बदली झाली. त्यामुळे दिवाळीची वाट न पाहता मे महिन्यातच निघालो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची, बरोबर त्यांची आई आणि आजी.

सरळ वेरूळला जायचे नाही, हा आमच्या घरचा नियम. आधी दौलताबादला उतरायचे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ते या किल्ल्यापाशी थांबले. रमजानचा महिना होता. दरवाजाबाहेर एक छोटे तळे काठोकाठ भरलेले होते. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले, म्हणून काहींनी तिथे हातपाय-तोंड धुतले. तोच एक म्हातारा तळे बाटवले म्हणून ओरडत आला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आत सोडले, आणि लक्ष ठेवायला हत्यारी शिपाई बरोबर दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात नोंदवून ठेवले आहे. ते पुस्तकरूपाने १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या घरात ते असावे.

आम्ही किल्ल्याच्या दाराशी पाण्याची बाटली उघडतो, सगळे घोट घोट पितो आणि ही हकीकत मुलांना सांगतो. यंदा सांगायचे काम मुलाकडे होते. त्याने 'हत्यारी शिपाई' एवढा रंगवला की मुलगी घाबरून आईला बिलगली. मग तिने विचारले, "पाणी कसं बाटतं?" आई म्हणाली, "बाटत नाही. पी तू."

दिवाळीत या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. परतीच्या वेळी एक पाटी घ्यायचा रिवाज. मे महिन्यात कुठली सीताफळे! मुलांनी मात्र बसच्या खिडकीतून सारा घाट शोधला.

वेरूळला एकूण ३४ लेणी, त्यांतली पहिली १२ बौद्ध. आत शिरले की समोर सोळावे, कैलास. बहुतेक मंडळी तिथेच फोटो काढून, दमून परत फिरतात. आपलेही कित्येक लोक! कैलासाकडे तोंड केले की बौद्ध लेणी उजव्या हाताला येतात. लहान मुले बरोबर असतील तर आधी तिकडेच वळावे, त्यांचे पाय ताजे असताना. मंगळवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. भाकरी पिशवीत घट्ट बांधून ठेवा, वानरे फार धीट आहेत.

पाचव्या लेण्यात दोन लांबच लांब दगडी बाक आहेत, पंगतीसारखे समोरासमोर. याच लेण्याला जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'महारवाडा' म्हटले आहे. आजीचे गुडघे इथे संपतात. ती बाहेर सावलीत बसते आणि आम्ही पुढे जातो.

दहावे लेणे म्हणजे लोकांच्या तोंडचे 'सुतार की झोपडी'. दगड कोरून छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या केल्या आहेत. स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेले भगवान बुद्ध. तिथे आम्ही हळू आवाजात त्रिशरण म्हणतो. आवाज छतावरून फिरून परत येतो. मुलीला दरवर्षी वाटते की आणखी कुणीतरी आपल्याबरोबर म्हणत आहे.

बारावे लेणे तीन मजली. आजवर मुलीला मी कडेवर घेऊन चढत असे. यंदा तिने उचलू दिले नाही. पायऱ्या उंच, तरी हात टेकत टेकत चढली. वरच्या मजल्यावर गाभाऱ्याबाहेर दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध बसलेले आहेत. तिने दोनदा मोजले, दुसऱ्यांदा तेरा आले, म्हणून परत मोजले.

सहा वर्षांच्या पोरीला यातले काय आठवेल, हा विचार तिथे उभे असताना माझ्या मनात आलाच. मला स्वतःला सहाव्या वर्षातले फारसे काही आठवत नाही. मुलांची आई म्हणाली, "ठाण्याहून कान्हेरी जवळ आहे, दर महिन्याला जाऊ." ते खरे आहे आणि आम्ही जाऊही. पण कान्हेरीच्या वाटेवर दौलताबाद लागत नाही.

आजी ठाण्याला यायला तयार नाही. म्हणते, "माझं घर बंद करून मी कुठंबी येणार न्हाई. तुम्हीच या." तेव्हा दिवाळीला देवगिरी एक्सप्रेसने यायचे ठरले आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. ती तारीख मुलाने पाठ केली आहे, आणि सीताफळाची पाटी या वेळी दोन घ्यायच्या असे मुलीने आजीला सांगून ठेवले आहे.