थरथरणारी अक्षरं

आता घरोघरी सपाट टीव्ही आले, त्यामुळे ही गोष्ट तरुण मंडळींना जरा जुनाट वाटेल. वीसेक वर्षांपूर्वी मी मुंबईत एका लहानशा स्टुडिओत ॲनिमेशन करायचो. रमजान चालू होता आणि एका चॅनेलच्या ईदच्या कार्यक्रमासाठी दहा सेकंदांचं शीर्षक हवं होतं. निळं आभाळ, पहिल्या रात्रीचा चाँद, आणि उजवीकडून उलगडत जाणारं 'ईद मुबारक', उर्दू लिपीत.

फॉन्ट वापरायला मन धजेना. अब्बांनी सोलापुरात आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लग्नाच्या दावतनाम्यांची किताबत केली. हात कापायला लागला तसा त्यांनी बोरू बाजूला ठेवला होता. मी हट्ट केला. तीन दिवस खपून त्यांनी दोन शब्द लिहिले आणि टपालाने पाठवले. स्कॅन मोठा करून पाहिला, तर दोन ठिकाणी कड हलली होती. मी ती तशीच ठेवली.

आपल्याकडे तेव्हा पाल पद्धत होती. सेकंदाला 25 फ्रेम, पण टीव्ही अख्खी फ्रेम एकदम दाखवत नसे. आधी एक सोडून एक रेषा, मग राहिलेल्या. म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं, त्यांना फील्ड म्हणत. मला 720 बाय 576 च्या 250 टार्गा फायली द्यायच्या होत्या, आणि प्रत्येक फायलीत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने वेगळे असे दोन क्षण विणलेले. कोणतं फील्ड आधी, हे चुकलं की चालणारी वस्तू पुढे-मागे लटपटते. ते मी दोनदा तपासलं होतं.

चुकलं भलतीकडेच. नस्तालीकचे बारीक आडवे फटकारे एकाच रेषेत बसले की ते एकाच फील्डमध्ये राहतात. सेकंदात 25 वेळा उजळतात, 25 वेळा विझतात. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर हे दिसत नाही, तिथे सगळं शांत. स्टुडिओतला एकमेव टीव्ही दुसऱ्या कामात अडकलेला, म्हणून मी तसंच पाठवून दिलं. आळसच, दुसरं काय!

जाहिरात सुरू झाली त्या रात्री अब्बांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"बेटा, मेरा हात हिलरा सो टीवी पे दिखरा क्या?"

मी म्हटलं, नाही अब्बा, मशीनचा दोष आहे. ते गप्प राहिले. त्यांना खरं वाटलं नव्हतं, आणि मला त्या दोन कडा आठवत होत्या.

दुसऱ्या दिवशी, एकोणतिसाव्या रोजाला, इफ्तारनंतर पुन्हा बसलो. कुठलीही आडवी रेघ दोन रेषांपेक्षा बारीक नको, असं ठरवून अक्षरं आणि चाँदची टोकं थोडी जाड केली. उभ्या दिशेने किंचित धूसरपणा दिला, तोही फील्ड विणण्याआधी. विणल्यावर दिला तर दोन्ही क्षण एकमेकांत मिसळतात आणि सगळाच चिखल होतो. बाहेर चाँद दिसला का, याचे फोन चालू होते. पहाटे 250 फायली मोजल्या, मधली एक अर्धवट निघाली, ती पुन्हा काढली. या वेळी टीव्ही रिकामा करून घेतला आणि समोर उभा राहून पाहिलं. अक्षरं स्थिर होती.

ईदच्या नमाजनंतर सोलापूरला फोन लावला. दुआ-सलाम झाला, शीरखुर्म्याची चौकशी झाली. मग अब्बा म्हणाले,

"अच्छा दिख्या. पर कलम कौन बदल्या रे?"