धुरानं दडवलेले चार किलो

थांबा, हे मला कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये! सिगारेट सोडल्यावर वजन का वाढतं, ते मला कळलंय. "तोंड चालू राहतं ना गं, म्हणून" अशी बोळवण करणारं उत्तर नव्हे हं. मेंदूपासून यकृतापर्यंत फिरवून आणणारं, वाटेत न्यूयॉर्कच्या रस्त्यावरही नेणारं खरंखुरं उत्तर. सध्या मी भेटेल त्याला धरून हेच सांगतेय. "तुला माहितीये का" एवढं म्हटलं तरी नवरा कानात इयरफोन घालतो. तेव्हा आता तुम्ही तावडीत सापडलाय!

थोडं आधीचं सांगते. मी कोथरूडची, नोकरी हिंजवडीत. कंपनीच्या गेटबाहेरची टपरी, कटिंग चहा आणि सुटी सिगारेट, असा आमच्या ग्रुपचा वर्षानुवर्षांचा नेम होता. घरात फक्त नवऱ्याला माहीत. बाकीच्यांसाठी पर्समध्ये बडीशेप, परफ्यूम आणि हसरा चेहरा. मग सोडली. कारण फिल्मी वगैरे काही नाही. जिना चढताना धाप लागायला लागली, आणि वास लपवता येतो तशी धाप लपवता येत नाही.

सोडली आणि जीन्सचं बटण लागेना. गणपतीत सगळे जमले तर आत्या लांबूनच ओरडली, "अगं, केवढी भरलीस! थायरॉइड तपासून घे बाई." धाकटी काकू जवळ येऊन कानात, "काही गोड बातमी?" आता यांना काय सांगू? सिगारेट सोडली म्हणून वजन वाढलं म्हणायचं, तर आधी ओढत होते हे सांगणं आलं! आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट करून दाखवली आणि बक्षीस म्हणून थायरॉइडचा सल्ला मिळाला. आरतीच्या ताटामागे उभी राहून मी ठरवलं, कुणाला सांगता आलं नाही तरी हे प्रकरण आहे तरी काय ते शोधायचंच.

आणि काय सापडलं म्हणून सांगू!

पहिली गोष्ट. निकोटिन शरीराला बसल्या जागी पळवतं. 1986 साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्या काही माणसांना एका बंद खोलीत चोवीस तास ठेवलं. शरीर किती ऊर्जा खर्च करतं ते श्वासावरून मोजणारी ही खास खोली. एका दिवशी चोवीस सिगारेटी ओढू दिल्या, दुसऱ्या वेळी एकही नाही. बाकी सगळं सारखं. तर ओढण्याच्या दिवशी ऊर्जेचा खर्च दहा टक्क्यांनी जास्त निघाला! म्हणजे सुमारे दोनशे कॅलरी, आपल्या दोन पोळ्या. गाडी न्यूट्रलला उभी करून ॲक्सिलरेटर दाबून धरावा, तसं हृदय उगाचच धावत असतं आणि पेट्रोल जळत असतं. "मी काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही," असं मी ऑफिसात ऐटीत सांगायचे, त्यामागचं रहस्य हे!

दुसरी गोष्ट तर याहून भारी. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बारकासा भाग आहे. 'पोट भरलं, आता पुरे' असा निरोप देणाऱ्या काही पेशी तिथे बसलेल्या असतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांना 2011 मध्ये दिसलं, की निकोटिन नेमकं याच पेशींना जागं करतं. गंमत म्हणजे त्यांचा मूळ प्रयोग नैराश्यावरच्या औषधाचा होता. निकोटिनसारखाच परिणाम करणारं औषध दिलेले उंदीर कमी खायला लागले, तेव्हा त्यांनी या भलत्याच धाग्याचा माग काढला. म्हणजे बघा, दुपारी डबा अर्धा ठेवून मी टपरीवर जायचे तेव्हा मला भूक नव्हती असं नाही. भूक होती, पण तिचा आवाज कुणीतरी बंद केला होता!

आता दोन्ही एकत्र करा. सिगारेट थांबली की दोन पोळ्यांचं फुकटचं जळण थांबतं आणि त्याच आठवड्यात खरी भूकही परत येते. वजन वाढणार नाही तर काय होणार? यात ना इच्छाशक्तीचा दुबळेपणा, ना खादाडपणा. 2012 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब आला. कोणतंही औषध न घेता सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी चार ते पाच किलोंनी वाढतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांतच. शंभरातल्या सोळा जणांचं तर चक्क कमी झालं! तेरा जणांचं दहा किलोंहून जास्त वाढलं, हेही खरं. पण बाकीची मंडळी मधल्या पट्ट्यात, आणि तिथेच माझे हे चार किलो. मी अपवाद नव्हते, बिघडलेली नव्हते, मी अगदी सरासरी होते. सरासरी असण्याचा एवढा आनंद मला दहावीच्या निकालातही झाला नव्हता.

पण खरी उडी मी मारली ती चहाचं वाचून. सिगारेट सोडल्यावर माझे हात थरथरायचे, झोप उडालेली, चिडचिड एवढी की कुकरच्या शिट्टीवरही राग यायचा. मला वाटे ही सगळी तलफ. मग तलफ मारायला चिवड्याचा डबा, डब्यानंतर चहा, चहानंतर पुन्हा थरथर. तर झालंय काय, की यकृतात कॅफीनची विल्हेवाट लावणारं एक विकर असतं आणि सिगारेटच्या धुरातली डांबरी रसायनं त्याला नेहमीपेक्षा जोरात कामाला लावतात. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातून चहा-कॉफी भराभर निघून जाते. धूर थांबला की काही दिवसांत ते विकर नेहमीच्या गतीवर येतं. तुम्ही मात्र तेवढेच कप पीत राहता, आणि रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुपटीवर जाऊ शकतं! काही औषधांच्या मात्रासुद्धा यासाठी डॉक्टर नव्यानं ठरवतात. आणि हा परिणाम धुराचा बरं का, निकोटिनचा नव्हे.

मी त्याच दिवशी चहा निम्म्यावर आणला. थोड्याच दिवसांत झोप लागली, हात स्थिर झाले, आणि प्रत्येक कपाबरोबरची दोन चमचे साखर, बिस्किटं, खारी हेही निम्म्यावर आले. हे मला टपरीवर कुणी का सांगितलं नव्हतं? चहा आणि सिगारेट जोडीनं घेणाऱ्या आपल्या अख्ख्या देशाला हे कुणी का सांगत नाही?

आणि चव! अहो, चव आणि वास परत येतात! फोडणीतल्या हिंगाला इतका गोल, जवळजवळ गोडसर वास असतो हे मी विसरूनच गेले होते. आंबेमोहोर शिजायला लागला की शेजाऱ्यांच्या घरातूनसुद्धा कळतं. ताज्या मेथीचा कडूपणा, जोंधळ्याच्या भाकरीचा खरपूस पापुद्रा, लिंबाच्या लोणच्यातली जुनी झालेली साल, सगळं नव्यानं भेटलं. सुरुवातीला मी या आनंदात वाहावत गेले खरी, पण नंतर वेगळंच लक्षात आलं. चव कळायला लागल्यावर थोडक्यात भागतं! फरसाणाचा मीठ-तेलाचा भडिमार आता अर्ध्या मुठीत नको होतो, आणि साध्या वरणभातावर तूप-लिंबू पडलं की पंगत जिंकल्यासारखी वाटते.

आता न्यूयॉर्क. यानं तर मी रात्री झोपलेच नाही. 'सोडली तर जाडी होईन' ही भीती माझ्या डोक्यात कॉलेजपासून होती. मैत्रिणींच्याही होती. कुठून आली ती? तर 1920च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन टोबॅको कंपनीचा मुख्य होता जॉर्ज वॉशिंग्टन हिल. बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणजे अर्धा बाजार हातचा जातोय, हे त्यानं ओळखलं. मग लकी स्ट्राइकच्या जाहिराती सुरू झाल्या. गोड खावंसं वाटलं तर त्याऐवजी लकी उचला, बांधा सडपातळ राहील, असा त्यांचा सूर. मिठाईवाले भडकले, भांडणं झाली, कंपनीची विक्री मात्र वाढत गेली. त्याच कंपनीसाठी प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यानं 1929 च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर तरुण मुलींना सिगारेट ओढत चालायला लावलं आणि त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली असं नाव दिलं! म्हणजे बायकांच्या वजनाची धास्ती आणि बायकांची मोकळीक, दोन्ही एकाच पाकिटात घालून विकली. जवळजवळ शंभर वर्षांनी हिंजवडीच्या टपरीवर उभी राहून मी तेच पाकीट स्वखर्चानं विकत घेत होते.

या शोधानंतर माझा वजनकाट्यावरचा राग पळाला. काट्यावरचा जुना आकडा माझा नव्हताच मुळी, तो निकोटिननं धरून ठेवलेला होता. आत्ताचा आकडा माझा. आता त्याच्याशी मी सरळ बोलू शकते.

तब्येतीचा हिशेबही मांडून पाहिला. अमेरिकेतल्या दीड लाखाहून जास्त परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातल्या लोकांचा अभ्यास 2018 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. वजन बरंच वाढलेल्यांना काही वर्षं मधुमेहाचा धोका जास्त राहतो, पाच ते सात वर्षांच्या सुमारास तो सर्वाधिक असतो आणि मग उतरतो. हे डोळ्यांआड करायचं नाही, रक्तातली साखर तपासत राहायची. पण हृदयविकारानं मरण्याचा धोका? दहा किलोंहून जास्त वाढलेल्यांमध्येसुद्धा तो ओढत राहिलेल्यांच्या निम्म्याहून कमी! जीन्सचं बटण शिंपी सरकवून देतो. फुप्फुसं सैल करून देणारा शिंपी मला कर्वे रोडवर तरी दिसलेला नाही.

मग आता मी करते काय? उपास-तापास अजिबात नाही. भूक आणि तलफ एकाच वेळी अंगावर घेतल्या तर तलफच जिंकते. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढी मिनिटं हात आणि तोंड गुंतवायचे. हिवाळ्यात मटार सोलायचे, एरवी शेंगा. सोलून खायच्या म्हटलं की आपोआप कमी जातात, आणि सासूबाई खूश. ड्रॉवरमध्ये फुटाणे, डब्यात काकडी-गाजर, दुपारी मीठ-जिरं घातलेलं ताक. निकोटिनच्या च्युइंगगमनं वजन वाढणं पुढे ढकलता येतं, पण मला ती लागली नाही. ज्यांना लागेल त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी.

आणि सगळ्यांत मोठं औषध म्हणजे वेताळ टेकडी! थोडंसं भरभर चाललं तरी तलफ ओसरते, हे संशोधनात दिसलंय आणि मला रोज दिसतं. आधी चढावरच माझी शिट्टी वाजायची. आता वेताळबाबाच्या देवळापर्यंत बोलत बोलत जाते, खाणीतल्या पाण्याकाठी थांबते ती मोर बघायला, धाप लागली म्हणून नव्हे. फुप्फुसं मिळालीत तर वापरून घ्यावीत की! दोनशे कॅलरी जाळायला आता धूर लागत नाही, टेकडी पुरते. काटा हळूहळू खाली येतोय, पण खरं सांगू, तो बघायला मी आता विसरते.

वजनाच्या भीतीनं अडून बसलेल्या, पर्समध्ये बडीशेप बाळगणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो, सोडा! एकटीनं जमत नसेल तर तुमच्याच पाकिटावर नंबर छापलेला आहे, 1800-11-2356. फोन फुकट आहे, पलीकडचं माणूस थायरॉइड काढत नाही.

राहता राहिली आत्या. ती दिवाळी अंक संपादकीयापासून जाहिरातींपर्यंत वाचून काढते, त्यामुळे हे पान तिच्या हातात पडणारच. आत्या, फोन कर. ओरड हवी तेवढी, पण मग हायपोथॅलॅमसपासून सगळं ऐकून घ्यावं लागेल. आणि भाऊबीजेला येताना बूट घालून ये, तुला टेकडीवर नेणार आहे!