गोबी पाहावा निवडून

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा गीतेवर अथवा सणवारांवर लिहिण्यास माझ्यापेक्षा अधिकारी माणसे आपल्या मंडळात आहेत, असे मी त्यांना नम्रपणे कळविले. "मग आपण रोज जे करता त्यावर लिहा," असे उलट उत्तर आले. सेवानिवृत्तीनंतर न्यू जर्सीतील आमच्या घरी नातीच्या हट्टामुळे मी खाऱ्या पाण्याची एक मत्स्यपेटी सांभाळीत असतो. तेव्हा या बोटभर माशाची हकीकत वाचकांनी गोड मानून घ्यावी.

माशाचे नाव गोबी. हे नाव मी प्रथम उच्चारले तेव्हा सौभाग्यवतींनी भाजीची पिशवी माझ्या हाती दिली! परंतु या माशाचे कुळ मोठे आहे. त्याच्या दोन हजारांच्या आसपास जाती असाव्यात. पोटाखालचे दोन पर एकत्र जुळून त्यांची वाटी झालेली असते व तिच्या योगे तो खडकाला चिकटून बसतो. पाण्यात तरंगण्यास लागणारी हवेची पिशवी बहुतेक जातींना नसते, म्हणून त्याचा सारा संसार तळाशी. कोकणच्या खाडीतील चिखलावर उड्या मारणारी निवटी याच गोतातली. आणि आपल्या मॉरिशसशेजारच्या रियुनिअन बेटात ज्या 'बिशिक'चे लोकांना एवढे वेड, तीही गोबीचीच पिले. आपल्या लोकांनी गोबी आजवर पाहिला असेल तो बहुधा ताटात.

आमची पेटी वीस गॅलनांची, म्हणजे सुमारे ७५ लिटरांची. तिच्या पांढऱ्या वाळूवर तपकिरी शेवाळ धरू लागले, म्हणून एका दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही डायमंड गोबी आणला. हा मासा वाळूचा घास घेतो, चाळतो आणि कल्ल्यांवाटे स्वच्छ वाळू बाहेर टाकतो. आठवड्याभरात तळ धुतल्या तांदळासारखा झाला. नात शाळेतून आली की दप्तर न उतरविताच काचेपाशी बसे. मीही मनातून खूष होतो; मजुरी न देता काम करणारा मनुष्य मिळाला की कोण खूष होत नाही?

मात्र तो वाळू चाळतो ती आपल्यासाठी नव्हे, तीत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी. आमची वाळू अवघी तीन महिन्यांची. तीत असे जीव ते किती असणार? ते संपले, आणि वरून टाकलेल्या खाद्याकडे तो ढुंकूनही पाहीना. त्याचे पोट आत गेले, पाठ धारदार दिसू लागली, तरी त्याचे चाळणे थांबले नाही. सहाव्या आठवड्यात एके सकाळी तो दगडाआड मेलेला आढळला.

नात रडली नाही. तिने एवढेच विचारले, "आजोबा, तो दिवसभर काम करीत होता, मग उपाशी कसा राहिला?"

हा प्रश्न आमच्या घराण्यात नवा नव्हता. माझे पणजोबा रत्नागिरीकडून गिरमिटावर मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेले. त्या काळी प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. ते दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे. माशाची प्लॅस्टिकची पिशवी मी फेकली नव्हती. तिच्यावरही एक क्रमांक व एक किंमत होती. कोणत्या समुद्रातून तो आला ते मात्र नव्हते. माणसाचे दुःख आणि माशाचे दुःख एका मापाने मोजावे असे मी म्हणत नाही. परंतु ती पिशवी हाती घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो हे खरे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला कॅसल गार्डन नावाची गोल, दगडी इमारत आहे. १८५५ ते १८९० पर्यंत युरोपातून येणारे लोक तेथे उतरत व त्यांची नोंद होई. पुढे १८९६ साली त्याच वास्तूत शहराचे मत्स्यालय उघडले आणि ते १९४१ पर्यंत तेथे होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्या गोल भिंतीजवळ उभे राहून काय वाटते ते मी लिहीत नाही.

असो. दुसरा गोबी आणावयाचा तर रंग पाहून नव्हे, त्याचे पोट पाहून आणावयाचा, असे आम्ही ठरविले. नातीला प्रथम मोहिनी पडली ती मँडरीनची. त्याला बाजारात सर्रास गोबी म्हणतात, पण तो गोबी नव्हेच. आणि जुन्या, जीवांनी भरलेल्या मोठ्या पेटीवाचून तोही उपाशी मरतो. पिवळा क्लाउन गोबी दीड इंचाचा आणि दिसावयास गोंडस. त्याच्या अंगच्या कडू, विषारी चिकट्यामुळे इतर मासे त्याच्या वाटेस जात नाहीत. परंतु त्याचा जीव प्रवाळाच्या फांद्यांत रमतो, आणि आमच्याकडे नुसते दगड.

निऑन गोबीवर माझा फार लोभ होता. काळ्या अंगावर निळी रेघ. फ्लॉरिडा व कॅरिबियन समुद्रातला हा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे किडे खाऊन त्यांची सेवा करतो. शिवाय त्याची पैदास पेटीतच होते, समुद्रातून धरून आणावा लागत नाही. याचे मोल कमी नाही, कारण फिलिपाईन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे गुंगविण्यासाठी प्रवाळांत सायनाइड फवारण्याची रीत पडली आणि तीत माशांबरोबर प्रवाळही मेले. पण निऑनचे आयुष्य दोनएक वर्षांचे. नातीला इतक्या लवकर पुन्हा तेच पाहावयास लावण्याचे धैर्य मला झाले नाही.

राहिला पिवळा वॉचमन, तीन-चार इंचांचा. समुद्रात तो पिस्तुल कोळंबीबरोबर एका बिळात राहतो. कोळंबीला दिसते अगदी थोडे, पण ती दिवसभर बीळ खणते. गोबीला खणता येत नाही, पण त्याची नजर तीक्ष्ण. बाहेर येताना कोळंबी आपली एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. संकट दिसले की तो शेपूट थरथरवितो, आणि दोघेही आत! मुख्य म्हणजे, तो वरून टाकलेले गोठविलेले खाद्य सहसा आनंदाने घेतो, आणि पेटीत पैदास केलेलाही मिळू शकतो.

तरी घाई केली नाही. दुकानात गेल्यावर आधी "याला आमच्यासमोर खाऊ घाला" असे सांगावयाचे, हा नातीचा नियम. पहिल्या शनिवारी मासा बिळातच बसला. दुसऱ्या शनिवारी खाल्ले, पण पोट खपाटीला गेलेले. तिने मान हलविली. दुकानदार माझ्याकडे पाहून हसला, मी छताकडे पाहिले. तिसऱ्या शनिवारी भरल्या पोटाचा, पैदास केलेला वॉचमन मिळाला. घरी पेटीवर बारीक जाळीचे झाकण आधीच बसविले होते, कारण भ्यालेला गोबी उडी मारतो. पाण्याची घनता १.०२५, उष्णता ७८ अंश फॅरनहाइट. अमोनिया शून्य असल्याचे दोनदा तपासले.

कोळंबी आठ दिवसांनी आणली. चार दिवस दोघे पेटीच्या दोन टोकांना. पाचव्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरात मला हाक मारली. मोठ्या दगडाखाली नवे बीळ, दारात पिवळा मासा, आणि त्याच्या पाठीवर टेकलेली एक बारीक मिशी.

त्याला अद्याप नाव दिलेले नाही. नात रोज संध्याकाळी थेंबनळीने बिळाच्या तोंडाशी खाद्य सोडते आणि मोठ्याने मोजते. तो किती घास घेतो ते वहीत लिहिते. काल सात घेतले.