साझा चुल्हा आणि आपला तवा

अमृतसरला जाणारी आपली मंडळी सुवर्णमंदिर पाहतात, जालियनवाला बागेत गप्प उभी राहतात, संध्याकाळी वाघा सीमेवरचा सोहळा बघतात आणि परत फिरतात. मैत्रिणींनो, तुम्ही गेलात तर आणखी एक करा. जुन्या शहरातल्या एखाद्या साध्या ढाब्यासमोर दहा मिनिटं उभ्या राहा आणि तंदूरवाल्याचे हात बघा.

मुंबईहून गोल्डन टेंपल मेल थेट अमृतसरला जाते. हीच पूर्वीची फ्राँटियर मेल. १९२८ साली सुरू झाली तेव्हा ती पार पेशावरपर्यंत धावायची. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि तिची वाट अमृतसरलाच संपली. नानची गोष्टही याच वाटेवरची आहे.

तंदूर म्हणजे मातीचा मोठा रांजणच म्हणा ना! तळाशी निखारे, वर अरुंद तोंड. कारागीर मैद्याची लाटी हातांवर थापून वाढवतो, कापडाच्या गादीवर पसरतो आणि हात आत घालून भिंतीवर चापकन चिकटवतो. तापलेली भिंत नान खालून भाजते, निखाऱ्यांची धग वरून फुगवते. मिनिटभरात डाग पडतात, की लोखंडी सळ्यांनी तो बाहेर. वर लसूण, कोथिंबीर आणि लोण्याचा गोळा. त्या वासानेच निम्मी भूक वाढते.

पण गंमत अशी, की नान हे पंजाबी घरातलं रोजचं अन्न नव्हेच. तो बाजारचा, नानबाईच्या भट्टीचा पदार्थ. घरी गव्हाची रोटी. ती भाजायला मात्र गावोगावी सामाईक तंदूर असे, त्याला म्हणत साझा चुल्हा. संध्याकाळ झाली, की बायका आपापली परात घेऊन तिथे जमायच्या. एकाच जाळावर दहा घरांच्या रोट्या व्हायच्या. सरपण वाचे हे खरंच, पण सुखदुःखाच्या गोष्टी बोलायलाही तीच जागा. आता घरोघरी गॅस आला आणि हे चुल्हे कमी झाले. सोय झाली, पण प्रत्येक जण आपापल्या ओट्यापाशी एकटी पडली.

फाळणीत घरदार सोडून आलेल्या लोकांनी दिल्लीत तंदूर पेटवले. मुंबईत शीव कोळीवाड्यालाही पंजाबी वस्ती झाली. पुढे ढाबे आणि हॉटेलं यांच्या वाटेने नान आपल्या ताटात आला. मुलं आता तो घरीही मागतात. आपल्याकडे कुठला तंदूर? पण लोखंडी तवा आहे ना! त्यावर तंदूरची युक्ती साधते, फक्त नान छोटे हवेत. मोठा नान जड होऊन तव्यावरून सुटतो, छोटा घट्ट धरून राहतो.

साहित्य : दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी दही, एक चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खाण्याचा सोडा, दोन चमचे तेल, लागेल तसं कोमट पाणी, दहा-बारा लसूणपाकळ्या, मूठभर कोथिंबीर, लोणी किंवा तूप.

कृती : मैद्यात कोरडे जिन्नस मिसळून चाळून घ्यावं. दही आणि तेल घालून कोमट पाण्याने पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवावं. तेलाच्या हाताने चांगलं दहा मिनिटं तिंबावं आणि ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवावं. दहा-बारा लाट्या कराव्यात. पुरीपेक्षा थोड्या मोठ्या आणि जाडसर लाटाव्यात. निम्मा लसूण बारीक चिरून कोथिंबिरीबरोबर वर पसरावा आणि लाटणं हलकेच फिरवून दाबावा. उरलेला लसूण लोण्यात मंद आचेवर परतून बाजूला ठेवावा.

तवा लांब दांड्याचा आणि लोखंडीच घ्यावा. न चिकटणाऱ्या तव्यावर हे जमत नाही, उलटा केला की नान थेट जाळात! तवा चांगला तापला, की नानच्या मागच्या बाजूला पाण्याचा हात लावून ती बाजू तव्यावर टाकावी. एका वेळी तीन मावतात. वर फुगे आले, की दांडा कापडाने धरून तवा ज्योतीवर उलटा धरावा आणि फिरवत राहावं. तांबूस डाग पडले, की उलथन्याने सोडवून लगेच लसणीचं लोणी लावावं.

आता मुद्द्याची गोष्ट. नान गार झाला, की चिवट होतो. म्हणजे सगळ्यांना गरम वाढून शेवटी जेवणारीच्या वाट्याला नेमका चामड्यासारखा नान. पोळीचं निभतं, नानचं निभत नाही. तेव्हा या दिवशी एक नियम करा. लाटायला मुलं, लसूण-लोणी लावायला नवरा, तव्यावर आळीपाळीने मोठी माणसं. तीन नान उतरले, की तिघांनी खायचे, पुढचे तीन दुसऱ्यांनी, आणि त्या दुसऱ्यांत तुम्ही स्वतः. शक्य झालं तर शेजारणीलाही तिची परात घेऊन बोलवा. डाळ एकीची, चटणी दुसरीची.

साझा चुल्हा म्हणजे काही मातीची भट्टीच असायला हवी असं नाही. एका जाळाभोवती चार हात जमले, की तो झाला. बघा करून या रविवारी!