न अडणाऱ्या ओळी

पायथन २ मधला कोड पायथन ३ वर आणायचा म्हटलं की नवखी मुलं आधी ‘प्रिंट’ला कंस घालत सुटतात. घालू देत. कंस नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही, आणि जे अडतं ते दुरुस्त करणं सोपं. टू-टू-थ्री नावाचं अवजार ते आपोआपही करायचं. मला धास्ती असते न अडणाऱ्या ओळींची.

सातला दोनने भागा. पायथन २ म्हणते ३, पायथन ३ म्हणते ३.५. अडीचला ‘राउंड’ करा: आधी ३ यायचे, आता २, कारण बरोबर मधोमध असलेली संख्या हल्ली सम अंकाकडे झुकते. ना एरर, ना इशारा. हप्त्यांचे तक्ते छापले जातात, फक्त आकडे निराळे. म्हणून भागाकाराचं चिन्ह दिसलं की मी थांबतो. लिहिणाऱ्याला अपूर्णांक नकोच होता, की तो गळतोय हे त्याच्या गावीच नव्हतं? नको असेल तर दोन तिरप्या रेघा द्यायच्या. पण हे कोड वाचून कळत नाही, अकाउंट्समध्ये जाऊन विचारावं लागतं.

खरा वेळ खातो तो मजकूर. पायथन २ मध्ये नुसत्या अवतरणचिन्हांतल्या ‘मराठी’ची लांबी यूटीएफ-८ मध्ये १५ भरायची, कारण मोजले जायचे बाइट. पायथन ३ मध्ये ती ५ भरते: म, र, काना, ठ, वेलांटी. (आपण तीन अक्षरं मोजतो, तो तंटा अजून मिटलेला नाही.) इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट, त्यामुळे हा घोळ झाकून राहायचा. देवनागरी नाव दहाव्या बाइटला कापलं की शेवटी कचरा उमटायचा. २००८ मध्ये ३.० आली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, पण आमच्यासारख्यांना हा बदल हवाच होता.

भाषा घडवणाऱ्यांनाही नमतं घ्यावं लागलंच. मजकुरापुढचा काढून टाकलेला ‘यू’ २०१२ मध्ये ३.३ मध्ये परत आला, आणि २.७ ची मुदत २०१५ वरून २०२० वर गेली. एका रात्रीत कोण बदलणार?

माझी रीत साधी. खऱ्या डेटावर जुन्या कोडचं उत्तर आधी फाइलीत साठवायचं, मग नव्याचं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायची. कधीकधी जुनंच चुकलेलं निघतं. मग तो कागद घेऊन कुणाच्या टेबलावर जायचं, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं.