चार चाकांची फटफटी आणि स्थितिस्थापक संस्कार

झाडावरचा हापूस कितीही निर्दोष असला, तरी तो गिऱ्हाइकाच्या हाती तसाच पोचेल अशी हमी कोणी देऊ नये. फळास बसलेला दणका त्या दिवशी दिसत नाही. फळ पिकू लागले म्हणजे सालीवर डाग उमटतो, आणि तोवर पेटी मुंबईस गेलेली असते. चिपळूणच्या आसपास ज्यांच्या बागा जांभ्याच्या डोंगरउतारावर आहेत, त्यांस हे दुःख नव्याने सांगावयास नको. डोकीवरून फळ उतरविणारी माणसे दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालली आहेत, आणि अशा वाटांवर बैलगाडीचा उपयोग नाही.

आमच्या घरातील बाकीची मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेली. बाग सांभाळावयास मागे राहिला तो एकटा आमचा पुतण्या. दोन हंगाम डागी फळाने हात पोळल्यावर तोही पुण्याचे नाव काढू लागला होता. शेवटचा उपाय म्हणून त्याने चार चाकांची एक जुनी फटफटी, जीस क्वाड बाइक म्हणतात ती, घेण्याचा बेत घरात मांडला. नागाव-काशीदच्या किनाऱ्यांवर हौशी प्रवासी जीवर बसून वाळूत फेऱ्या मारतात, तेच हे वाहन. पैसा सामायिक शिलकेतून जावयाचा, म्हणून बोलणी लांबली. सूनबाईंनी मात्र पैशाविषयी अवाक्षर काढले नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "काका, उतारावर ती उलटली तर?" आमच्या मते साऱ्या चर्चेत शहाणा प्रश्न तोच होता. त्याचे निम्मे उत्तर चाकाजवळच्या शॉकमध्ये असते असे कळल्यावरून आम्ही त्या विषयात लक्ष घातले.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. ओढलेली वस्तू ज्याच्या योगे पूर्वस्थितीस येते तो स्थितिस्थापक. स्प्रिंगचा सारा व्यवहार या एका शब्दात येतो. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 मध्ये त्यास गणित जोडून दिले: जितका भार दुप्पट, तितका दबाव दुप्पट. परंतु नुसती स्प्रिंग पूर्वस्थितीस येऊन थांबत नाही. ती पलीकडे जाते, पुन्हा परतते, आणि गाडी झुलत राहते. हे झुलणे आवरण्यासाठी शॉकच्या नळीत तेल भरलेले असते. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते तेल रेटले जाते आणि झुलण्याची शक्ती उष्णतेत विरून जाते. जुन्या मोटारींच्या पाट्यांत हेच काम थोडेफार पाट्यांच्या परस्पर घर्षणाने होई. सारांश, भार तोलणे हे स्प्रिंगचे काम आणि तिला आवरणे हे तेलाचे. ही दोन कामे मनात वेगळी ठेवली म्हणजे निम्मा घोटाळा मिटतो.

निवड करताना प्रथम पाहावयाचे ते वजन. समजा, मागील एका चाकावर स्वार व माल मिळून 60 किलो भार येतो, आणि चाकाची वरखाली होण्याची एकूण मर्यादा 18 सेंटिमीटर आहे. त्यातील सुमारे एक तृतीयांश, म्हणजे 6 सेंटिमीटर, गाडी भाराने आधीच बसलेली असावी. म्हणजे खड्डा आला असता चाकास खाली जावयासही जागा राहते. यावरून चाकापाशी दर सेंटिमीटरास 10 किलो एवढा ताठपणा लागतो. पण शॉक चाकावर नसून दांडीच्या मध्यावर असेल, तर तरफेच्या नियमाने त्यावर भार दुप्पट येतो व तो दबतो निम्मा. म्हणजे 120 किलोस 3 सेंटिमीटर. अर्थात स्प्रिंग चौपट ताठ, दर सेंटिमीटरास 40 किलोची हवी. दुसऱ्या गाडीचा शॉक केवळ लांबीस जुळतो म्हणून बसविणारे नेमके येथेच फसतात.

स्प्रिंगच्या बुडाशी फिरविण्याची एक कडी असते. ती आवळली म्हणजे स्प्रिंग ताठ होते असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नव्हे. कडीने गाडीची बसलेली उंची तेवढी बदलते; स्प्रिंगचा जातिस्वभाव तोच राहतो. कडी पुरती आवळूनही भरलेली गाडी फार बसत असेल, तर स्प्रिंगच बदलली पाहिजे.

ज्या शॉकवर तेलाचा स्क्रू असतो, त्याची पारख याहून नाजूक. परतीचा आवर सैल असेल तर प्रत्येक दगडावर गाडी उसळते आणि क्रेटमधील फळ नाचते. तो फार घट्ट असेल तर एका दगडाने वर गेलेले चाक पुढचा दगड येईपर्यंत खाली उतरत नाही; गाडी हळूहळू तळाशी बसते आणि रबरी ठोकळ्यावर आदळू लागते. दोन्ही रोगांचे लक्षण एकच, दणका. उपाय मात्र परस्परविरुद्ध. म्हणून स्क्रू पुरता बंद करून तेथून टिचक्या मोजीत उघडावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि वहीत टिपावे. त्याआधी टायरची हवा तपासावी. या गाड्यांचे टायर फार कमी दाबाचे असतात, आणि हवा जास्त झाली तर चांगला शॉकही वाईट भासतो. ज्या नळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो ती घरी कदापि उघडू नये.

आमच्या पुतण्याने याच क्रमाने आठ दिवस रिकाम्या क्रेटांत दगड भरून फेऱ्या केल्या. पुण्याच्या भावांनी सर्वांत महागडे शॉक पाठविण्याची तयारी दाखविली होती. हिशेबात मध्यम किमतीचे बसत होते, तेच घेतले. सूनबाईंच्या प्रश्नाचे उरलेले निम्मे उत्तर शॉकमध्ये नसून माणसात आहे. ओझे खाली व मध्याशी बांधावे, कारखान्याने लिहिलेल्या वजनापलीकडे एक क्रेटही चढवू नये, उतार आडवा न कापता सरळ उतरावा, मागे कोणास बसवू नये, आणि डोकीस शिरस्त्राण असावे. हे नियम सूनबाईंनी स्वतःच्या अक्षरांत लिहून पडवीतील खुंटीवर टांगले आहेत, आणि किल्लीही त्याच खुंटीस असते.

गेल्या हंगामात डागी फळाची तक्रार पुष्कळच कमी आली. पावसाळ्यात कडी सैल करून गाडी गोठ्यात उभी केली आहे. पुतण्याने गडग्यापलीकडच्या मोकळ्या जागेत लावावयास नवी कलमे सांगून ठेवली आहेत. पुण्याचे नाव सध्या घरात निघत नाही.